प्रस्तावना : आधी बंद, मग ज्योत

गॅसचा व्हॉल्व्ह मुळात बंद असतो. वीज नसली, ज्योत नसली, जवळपास माणूस नसला, की तो बंदच. उघडायला त्याला कारण लागते, मिटायला लागत नाही. आतली एक स्प्रिंग चकतीला तिच्या बैठकीवर दाबून धरते. या स्प्रिंगला तार जोडलेली नसते आणि ती कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. बर्नर, पायलट आणि व्हॉल्व्ह या तीन वस्तूंवरच्या पुस्तकाची सुरुवात कुणीही ज्योतीपासून करील, कारण डोळ्यांना दिसते ती ज्योत. पण ज्योत पेटवणे ही या विद्येतली सर्वांत सोपी गोष्ट आहे. ते काम काडेपेटीही करते. अवघड आहे ते ज्योत नसताना गॅस येऊ न देणे. गॅसवर चालणाऱ्या चांगल्या उपकरणाचे शहाणपण त्याच्या नकारात असते, आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत गेल्या शंभरेक वर्षांत जी सुधारणा झाली ती मुख्यतः हा नकार अधिक अचूक आणि अधिक झटपट व्हावा यासाठी झाली. एवढे एक विधान पटले तर पुस्तकातले बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतात. न पटले तर व्हॉल्व्ह ही कामात खोळंबा घालणारी कटकट वाटते, आणि तसे वाटणाऱ्या माणसाच्या हातात पाना आला की काय होते, तेही पुढे पाहू.

वसईत भट्टी म्हणजे काय, हे आपण कुठे उभे राहून विचारतो त्यावर अवलंबून आहे. पश्चिमेच्या जुन्या गावांत भट्टी म्हणजे बेकरीची. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके पोर्तुगिजांच्या अमलाखाली काढलेल्या या किनाऱ्याला पाव हा शब्दही त्यांच्याच भाषेतून मिळाला. रेल्वेच्या पूर्वेला, वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या बाजूच्या गाळ्यांमध्ये भट्टी म्हणजे पावडर कोटिंगची ओव्हन, अॅल्युमिनियम वितळवायची मूस, किंवा पोलादाला पाणी देण्याआधी ते लालबुंद करणारी हीट ट्रीटमेंटची फर्नेस. नालासोपारा आणि विरारच्या इमारतींत आणखी एक भट्टी असते, जिला कुणीच भट्टी म्हणत नाही: न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला गॅस गीझर. (न्यू जर्सीत किंवा टोरंटोत घर केलेल्या मराठी कुटुंबांना फर्नेस म्हटले की तळघरातली घर उबदार ठेवणारी पेटी आठवते, कोकणपट्टीत तिची गरज नाही, पण तिच्या आतली तत्त्वे आणि या गीझरातली तत्त्वे सख्खी भावंडे आहेत.) या सगळ्या भट्ट्यांचे इंधन आज एकाच वेळी बदलते आहे. लाकडाकडून, डिझेलकडून, सिलिंडरकडून नळाच्या गॅसकडे हा प्रवास चालू आहे. पालघर जिल्हा आणि ठाणे ग्रामीणमध्ये नगर वायू वितरणाचे काम गुजरात गॅसकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहराच्या हवेविषयी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळायला सांगितले. आदेश मुंबईच्या बेकऱ्यांपुरता असला, तरी धूर नायगावची खाडी पाहून थांबत नाही, आणि पावाचा बाजारही थांबत नाही. लाकडाची भट्टी राखणाऱ्या कारागिराला आग कळते. त्याला गॅस कळतोच असे नाही. लाकूड विझले तर धुमसते, धूर सोडते, आपण विझल्याची वर्दी देते. गॅसची ज्योत विझली तर गॅस तसाच येत राहतो, पारदर्शक आणि बिनआवाज. नेमका हा फरक सांगणारे मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

गॅस या एका शब्दात आपण दोन वेगळ्या स्वभावाचे वायू कोंबले आहेत. सिलिंडरातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हवेच्या दीड ते दोन पट जड, त्यामुळे गळला तर जमिनीलगत सरपटतो, गटारात, जिन्याखाली, खड्ड्यात साचतो. नळातून येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेच्या निम्म्याहून थोडाच अधिक वजनाचा, त्यामुळे वर चढतो आणि छताला किंवा गाळ्याच्या पोटमाळ्याला जाऊन भिडतो. गळती हुंगणारे यंत्र सिलिंडरच्या काळात खाली लावले असेल आणि पाइपलाइन आल्यावर तिथेच राहिले असेल, तर ते शोभेचे झाले. एक घनमीटर मिथेन पुरते जाळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते, प्रोपेनला सुमारे चोवीस, ब्युटेनला एकतीस. एवढी जास्त हवा मागणारा वायू तेवढी जास्त उष्णताही देतो: तेवढ्याच आकारमानात एलपीजी मिथेनच्या अडीच ते तीन पट. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३० मिलिबार दाब देतो. पीएनजी घरात साधारण २१ मिलिबारवर येतो. कमी दाबाच्या, कमी उष्णतेच्या वायूकडून तेवढेच काम करून घ्यायचे तर नोझलचे भोक मोठे हवे. हाच हिशेब एका आकड्यात बसवण्यासाठी इटलीच्या गोफ्रेदो वॉबे यांच्या नावाचा अंक वापरतात: वायूची उष्णता भागिले त्याच्या सापेक्ष घनतेचे वर्गमूळ. दोन वायूंचा वॉबे अंक जुळला तर एका नोझलवर दोन्ही चालतात. एलपीजी आणि मिथेनचा जुळत नाही. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दशकात कोळशाच्या गॅसऐवजी उत्तर समुद्राचा नैसर्गिक वायू घरोघर नेला तेव्हा कोट्यवधी उपकरणांचे बर्नर दारोदार जाऊन एकेक करून बदलावे लागले. आपल्याकडे हेच काम शेगडी दुरुस्त करणारा मिस्त्री पाच मिनिटांत करतो. बहुतेकदा बरोबर करतो. पण जुने नोझल तसेच ठेवून पीएनजी जोडला तर ज्योत मरगळलेली राहते, आणि पीएनजीचे नोझल असलेल्या शेगडीला गावी नेऊन सिलिंडर लावला तर पिवळी, काजळी धरणारी, भांड्याबाहेर पसरणारी ज्योत मिळते. ही पिवळी ज्योत पुष्कळांना जास्त जोरदार वाटते. प्रत्यक्षात ती अर्धपोटी असते. तिला पुरेशी हवा मिळालेली नसते, आणि अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

ज्योतीला आधीच हवा पाजायची, ही कल्पना १८५५ सालची. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पेटर देसागा यांनी नळीच्या तळाशी भोके ठेवली, गॅसचा झोत आत सोडला, आणि झोताने स्वतःच हवा ओढून घेतली. तोवर गॅसची ज्योत उजेडासाठी पिवळी ठेवत. आता ती निळी, काजळीविना आणि कितीतरी अधिक तापट झाली. फुंकणीने चुलीत हवा घालणाऱ्या कुणालाही यातले तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही; नवे एवढेच की इथे फुंकर गॅसच घालतो. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते बॉम्बे गॅस कंपनीच्या कोळशापासून काढलेल्या वायूवर, आणि लालबागच्या एका गल्लीच्या नावात ती कंपनी अजून टिकून आहे. तिथपासून १९७४ मध्ये याच किनाऱ्यासमोर समुद्रात मुंबई हाय सापडेपर्यंत इथला गॅस म्हणजे कोळशाचा किंवा तेलशुद्धीकरणाचा. बर्नरची पुढची वाटचाल मी थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात तिला ऐसपैस जागा आहे. एक घराणे बुन्सेनचेच राहिले: स्वतः हवा ओढणारे बर्नर, घरची शेगडी आणि गीझर त्यातले. दुसऱ्याने ब्लोअर आणला, गॅस आणि हवा वेगवेगळ्या आणून बर्नरच्या तोंडाशी मिसळल्या, आणि दोघांचे प्रमाण राखणारा रेग्युलेटर मध्ये बसवला. कारखान्यातल्या बहुतेक भट्ट्या या घराण्यातल्या. तिसऱ्याचे लक्ष धुराड्यातून फुकट जाणाऱ्या उष्णतेवर होते: फ्रेडरिक सीमेन्स यांनी १८५६ मध्ये जाणाऱ्या धुराने विटा तापवून त्याच विटांवरून येणारी हवा न्यायची युक्ती काढली, आणि काच-पोलादाच्या मोठ्या भट्ट्या आजही तिच्यावर चालतात. १८८५ च्या सुमाराला आउअर फॉन वेल्सबाख यांनी ज्योतीऐवजी तिने तापलेल्या जाळीला उजळवले. लग्नाच्या मांडवातली पेट्रोमॅक्स बत्ती त्या जाळीचीच वारस. १९९० च्या दशकात जर्मनीत तर ज्योत दिसूच नये असे बर्नर निघाले, ज्यांत तापलेल्या भट्टीत जळणे सर्वत्र पसरून होते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी बनतात. प्रगती खरीच. पण यांतल्या कुठल्याही बर्नरपुढे उभे राहिले तरी प्रश्न तोच: ज्योत गेली, हे गॅसला कोण सांगणार?

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर पायलटने दिले, आणि यंत्रशास्त्रात इतके निगुतीचे उत्तर विरळा. मोठ्या बर्नरशेजारी बोटाच्या पेराएवढी एक ज्योत सतत जळते. तिच्यात एक बारीक धातूचे टोक धरलेले असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातू एका टोकाला जोडून ते तापवले की वीज निर्माण होते, हे थॉमस झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. त्यांना स्वतःला ते चुंबकत्व वाटले होते. पायलटच्या ज्योतीत असे टोक पंचवीस-तीस मिलिव्होल्ट देते, टॉर्चच्या एका सेलचा पन्नासावा हिस्सा. ही वीज व्हॉल्व्हमधल्या इवल्या विद्युतचुंबकाला जाते. आणि इथे खरी गंमत आहे: या चुंबकात व्हॉल्व्ह उघडण्याची ताकद नसते. स्प्रिंगविरुद्ध चकती उचलणे त्याला जमणारच नाही. हाताने उचलून जवळ आणून दिलेली चकती तो फक्त धरून ठेवू शकतो. म्हणून पायलट पेटवताना बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावे लागते. थर्मोकपल तापले की बोट काढले तरी व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्याने ज्योत गेली की टोक थंड होते, चुंबक हात सोडतो, स्प्रिंग आपले काम करते. हात उघडतो, ज्योत धरते, स्प्रिंग मिटवते. तिघांत कामाची वाटणी अशी की चुकून उघडण्याचा मार्गच शिल्लक राहू नये. तार तुटली, टोक जळले, जोड सैल झाला, काजळी बसली, तर काय होईल ते एकेक करून पाहावे: दर वेळी गॅस बंदच होतो. ‘पायलट टिकत नाही’ या आपल्या नेहमीच्या तक्रारीचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की व्हॉल्व्हने संशयाचा फायदा ज्योतीला दिला नाही.

पायलटचा आणखी एक उपयोग आहे, आणि वसई-विरारच्या दृष्टीने मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. सहा लिटरचा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला अंदाजे बारा घनमीटर हवा मागतो. हा आकडा कुणीही कागदावर काढून पाहू शकतो. इमारतीतल्या न्हाणीघरात मुळात पाच घनमीटरही हवा नसते. दार-खिडकी घट्ट लावली तर पहिल्या काही मिनिटांतच प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ कडे उतरू लागतो, ज्योत अर्धपोटी होते आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. काही उपकरणांत पायलट मुद्दाम असा घडवतात की प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास आला की त्याची ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, थर्मोकपलपासून दूर जाते, आणि गॅस तुटतो. म्हणजे पेटवायला ठेवलेली ठिणगी हवेची प्रत तपासणारे यंत्र झाली. अशी सोय नसलेला गीझर न्हाणीघराच्या आत लावूच नये, आणि असलेला लावला तरी खिडकी उघडी हवी, एवढे एक वाक्य या पुस्तकातून सोसायटीच्या फलकावर गेले तरी पुरे.

सतत जळणारा पायलट गॅस खातो, हा त्याच्यावरचा आक्षेप रास्त आहे. १९७० च्या दशकातल्या इंधनटंचाईनंतर पाश्चात्त्य देशांत घरगुती फर्नेसमधून तो हळूहळू गेला आणि गरजेपुरती ठिणगी आली. कारखान्यात तर तो आधीपासूनच अपुरा होता, कारण थर्मोकपलला थंड व्हायला अर्धा-एक मिनिट लागते आणि मोठ्या बर्नरला तेवढा वेळ देणे परवडत नाही. शंभर किलोवॉटचा बर्नर तासाला सुमारे दहा घनमीटर पीएनजी घेतो, म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेतीन लिटर. तीन घनमीटर पोकळीच्या भट्टीत ज्योतीविना हा गॅस येत राहिला तर मिनिटभराच्या आत पाच टक्क्यांची पातळी गाठतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतो. म्हणून औद्योगिक बर्नर ज्योतीला काही सेकंदांत ओळखतो. ओळखण्याची एक रीत ज्योतीतून वीज वाहवण्याची आहे. जळत्या वायूत विद्युतभारित कण असतात, आणि ज्योतीत धरलेली बारीक सळई व बर्नरचा मोठा पृष्ठभाग यांच्या आकारातल्या तफावतीमुळे ज्योतीतून वीज एका दिशेला जास्त वाहते. काही मायक्रोअँपियरचा हा एकेरी प्रवाह मिळाला तरच बर्नर चालवणारे पॅनल ज्योत मानते. सळईला तार लावून शॉर्ट केली तर प्रवाह दोन्ही दिशांना सारखाच वाहतो आणि पॅनलला लबाडी कळते. दुसरी रीत ज्योतीतला अतिनील प्रकाश पाहणाऱ्या नळीची. ही नळी म्हातारी झाली की ज्योत नसतानाही असल्याचे सांगू लागते, म्हणून चांगल्या यंत्रात तिच्यापुढे पापणीसारखा पडदा ठरावीक वेळाने मिटतो आणि अंधारातही तिला काही दिसते का ते तपासतो. गॅसच्या वाटेवर एकामागे एक दोन व्हॉल्व्ह असतात, एकाच्या बैठकीत कचरा अडकला तर दुसऱ्याने मिटावे म्हणून. आणि ठिणगी पडण्याआधी ब्लोअर भट्टीच्या आकारमानाच्या किमान चौपट ताजी हवा आतून फिरवतो. अमेरिकेची एनएफपीए ८६ आणि युरोपची ईएन ७४६ ही दोन प्रमाणके बारकाव्यांत एकमेकांशी पुष्कळ भांडतात, पण आधी हवा, मग ठिणगी, मग गॅस, आणि ज्योत न दिसल्यास लगेच सर्व बंद, या क्रमावर दोघांचे एकमत आहे.

गाळ्यांमध्ये या सगळ्यावर एक शब्द आहे: डायरेक्ट, म्हणजे मधले राखण करणारे यंत्र वगळून सरळ जोडणे. सेन्सर त्रास देतो, डायरेक्ट करून टाक. हवेचा स्विच सारखा तोडतो, डायरेक्ट कर. हे करणारे लोक मूर्ख नसतात, म्हणून त्यांच्या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, आमचा माणूस वीस वर्षे भट्टीपुढे उभा आहे, त्याला ज्योत नुसत्या आवाजावरून कळते. कळतेही. पण तो जेवायला जातो, फोन घेतो, रात्रपाळीला त्याच्या जागी दुसरा येतो. एलपीजी आणि पीएनजीला मुद्दाम घातलेला दुर्गंध नाकाला काही मिनिटांत सवयीचा होतो. हा दुर्गंध घालण्याची रीत सक्तीची झाली ती टेक्सासच्या न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ रोजी शाळेखाली साचलेल्या बिनवासाच्या वायूने सुमारे तीनशे जणांचा, बहुतांश मुलांचा, जीव घेतल्यावर. ती आवश्यक आहे, पुरेशी नाही. दुसरा युक्तिवाद पैशाचा. वीज सेकंदभर लपकली की भट्टी बंद पडते, पुन्हा हवा फिरवण्यात वेळ जातो, थंड हवेने भट्टी उतरते, माल जातो. हे नुकसान खरे आहे आणि पुस्तक ते झाकत नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून नुसत्या पॅनलला यूपीएस लावून भागत नाही, कारण ब्लोअर थांबला की हवेचा स्विच गॅस तोडणारच, आणि त्याने तोडलाच पाहिजे. उपाय ब्लोअरसकट पर्यायी विजेचा आहे, किंवा सतत तुटण्यामागचे खरे कारण, सैल जोड, घाणेरडी सळई, डगमगणारा गॅसदाब, शोधण्याचा. व्हॉल्व्ह वारंवार बंद होत असेल तर तो काहीतरी सांगत असतो. डायरेक्ट करणे म्हणजे निरोप्याचे तोंड बांधणे.

जाणकारांचा एक आक्षेप अधिक वजनदार आहे. भट्टी ७६० अंश सेल्सियसच्या वर गेली की आत आलेला गॅस भिंतीच्या तापानेच पेटतो, मग ज्योत ओळखण्याचे कर्मकांड कशाला? हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि एनएफपीए ८६ मध्येही या तापमानावर ज्योतरक्षकाला सूट देण्याची मुभा आहे. मात्र त्या मुभेत एक अट दडलेली आहे: तापमान खरोखर ७६० च्या वर आहे हे स्वतंत्र यंत्राने सांगितले पाहिजे, आणि खाली उतरताच सूट आपोआप संपली पाहिजे. म्हणजे नकाराचा अधिकार काढून घेतलेला नाही, एका साक्षीदाराकडून दुसऱ्याकडे दिलेला आहे. आमच्या गाळ्यांतल्या डायरेक्टमध्ये दुसरा साक्षीदार नसतो. शिवाय पावडर कोटिंग दोनशे अंशांच्या आसपास होते आणि पाव त्याहून फार वर भाजला जात नाही. तिथे ही सवलत कधीच लागू होत नाही, तरी युक्तिवाद मात्र उसना घेतला जातो. राहिला प्रश्न जबाबदारीचा. गॅस कंपनी आहे, सरकारी निरीक्षक आहेत, मग बेकरीवाल्याने हे का शिकावे? कारण मीटरच्या पुढचा बर्नर त्याचा आहे. आणि वीस कामगारांखालचा गाळा बहुधा कायद्याच्या दृष्टीने कारखानाच ठरत नाही. वसईच्या पूर्वेला असे गाळेच जास्त. निरीक्षक न येणाऱ्या ठिकाणी व्हॉल्व्ह हाच निरीक्षक असतो.

मग सर्व काही विजेवर जाणारच असेल तर गॅसवर आता पुस्तक कशाला, असेही कुणी विचारेल. इंडक्शन शेगडी, विजेच्या भट्ट्या, सौर पाणीतापक यांच्या बाजूने बरेच बोलण्यासारखे आहे आणि लेखकाने ते प्रामाणिकपणे बोललेले आहे. पण आज ज्याने कर्ज काढून लाकडाची भट्टी मोडली आणि गॅसची बसवली, तो ती पंधरा-वीस वर्षे चालवणार. इंधन बदलण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा, कारण तेव्हा उपकरण नवे असते आणि सवयी जुन्या. शिवाय बदल इथे थांबलेला नाही. सुरतेजवळ कवास येथे जानेवारी २०२३ पासून एनटीपीसी आणि गुजरात गॅसने नळाच्या वायूत थोडा हायड्रोजन मिसळून पाहिला आहे. पाच टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाने घरच्या शेगडीला फारसा फरक पडत नाही. पण हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या कित्येक पट वेगाने धावते आणि उलट नळीत शिरू शकते, तर शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत विद्युतभारित कण इतके थोडे असतात की ज्योतीतून वीज वाहवणारी सळई तिला ओळखतच नाही. बर्नरची रचना पाठ करणाऱ्याला तेव्हा सगळे नव्याने शिकावे लागेल. व्हॉल्व्हचा विचार समजलेल्याला फक्त साक्षीदार बदलावा लागेल.

या किनाऱ्याची स्वतःची म्हणून काही प्रकरणे पुस्तकात आहेत, आणि ती बाहेरच्या कुठल्याही इंग्रजी हातपुस्तकात मिळणार नाहीत. खाऱ्या हवेने नोझलभोवती धरणारा गंज आहे. पावसाळ्याआधी बंद ठेवलेल्या बर्नरच्या नळीत चिखलाचे घर करणारी कुंभारमाशी आहे. हवेची वाट अर्धी बुजली की ज्योत पिवळी होते आणि दोष गॅसला दिला जातो. आणि पूर आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, मिठागराच्या वस्तीतले लोक अडकून पडले. असा पूर ओसरला की मोटारी सुकवून पुन्हा चालू करतात. गॅसचा व्हॉल्व्ह मात्र सुकवून चालत नाही. आत शिरलेला गाळ आणि मीठ बैठकीवर राहते, स्प्रिंग मिटवू पाहते आणि चकती पुरती बसत नाही. बाहेरून पाहिले तर सगळे ठीक असते. बुडालेला व्हॉल्व्ह फेकून द्यावा, ही शिफारस खर्चिक वाटेल, पण स्वस्त पर्याय नाही.

भाषेबद्दल एक खुलासा. चूल, वैल, शेगडी, आगटी, भाता, फुंकणी, मूस, आवा, एवढे शब्द आगीसाठी असलेल्या मराठीत तिला आवरणाऱ्या यंत्रासाठी शब्द थोडे आहेत. शाळेच्या पुस्तकातली ‘झडप’ गाळ्यात कुणी म्हणत नाही. लेखकाने व्हॉल्व्ह, नोझल, ब्लोअर, पायलट हे कामाच्या जागेवरचे शब्द तसेच ठेवले आणि नवे घडवायचा मोह टाळला, हे चांगलेच झाले. हे पुस्तक दुरुस्ती शिकवत नाही. त्याला तसे करायचेही नाही, आणि ते वाचून कुणी व्हॉल्व्ह उघडून बसू नये. भट्टीपुढे उभा असलेला कामगार, तिचा मालक, गीझर लावून घेणारी गृहिणी आणि आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला फिटर यांना एकच गोष्ट एकमेकांना सांगता यावी, ती म्हणजे यंत्र बंद का पडले, एवढाच त्याचा प्रयत्न आहे. तो मला पुष्कळसा साधलेला वाटतो. औद्योगिक भागातली आकडेमोड काहींना जड जाईल, पण ती गाळू नये.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या घरच्या गीझरवर, शेगडीखाली किंवा भट्टीच्या बर्नरवर एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर कोणत्या वायूचे नाव आहे आणि दाब किती लिहिला आहे, ते या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवून घ्यावे. पुढचा प्रत्येक आकडा त्या ओळीशी ताडून पाहायचा आहे.